अल्पसंख्याकांच्या हक्कांची तुलना करताना या चुका टाळा

दोन देशांमधील अल्पसंख्याक-संरक्षणाची तुलना करताना अनेक अभ्यासक दोन्ही संविधाने शेजारी ठेवून कलमांची शब्दरचना ताडून पाहतात आणि चूक तिथूनच सुरू होते. संरक्षण कोणाला आहे, कोणत्या प्रदेशापुरते आहे आणि ते मोडल्यास दाद कोणाकडे मागायची, हे आधी ठरवल्याशिवाय कलमाचा खरा आवाका कळत नाही.

अल्पसंख्याक कोण, हे देशभराच्या टक्केवारीवरून ठरवू नका. भारतीय संविधानात या शब्दाची व्याख्या नाही; टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांच्या पीठाने 31 ऑक्टोबर 2002 रोजी अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांविषयीच्या कलम 30 साठी राज्य हेच एकक मानले. त्यामुळे बेळगावच्या एखाद्या गल्लीत दिवसभर मराठीच कानावर पडत असली, तरी तिथला मराठी भाषक कायद्याच्या दृष्टीने अल्पसंख्याक असतो आणि मुंबईतल्या गुजराती भाषकाचीही स्थिती तीच असते. फिनलंडमध्ये मात्र एकक नगरपालिकेचे आहे. तिथे स्वीडिश किंवा फिनिश यांपैकी कमी लोक बोलत असलेल्या भाषेचे 8 टक्के किंवा 3,000 भाषक असले की ती नगरपालिका द्विभाषिक ठरते.

दुसरी चूक चुकीच्या कलमाचा आधार घेण्याची. जमिनीच्या उताऱ्याची मराठी प्रत मागताना कलम 30 चा हवाला दिला, तर अर्जाचा पायाच डळमळतो, कारण ते कलम शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याच्या हक्काचे आहे. कलम 350 नुसार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, पण उत्तर त्याच भाषेत मिळेल अशी हमी त्यात नाही. मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणासाठी कलम 350-क आहे, पण त्याची भाषा प्रयत्न करण्याची आहे. सीमाभागातील कैफियत मांडताना आपण महाराष्ट्राकडेही पाहिले पाहिजे: भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांत मराठी सक्तीची करण्याचा महाराष्ट्राचा निर्णय उषा मेहता खटल्यात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला होता.

आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली की तो आपोआप लागू होतो, असेही समजू नका. नागरी व राजकीय हक्कांच्या 1966 च्या करारातील कलम 27 अल्पसंख्याकांची भाषा, धर्म आणि संस्कृती यांचे रक्षण करते. भारत 1979 मध्ये त्यात सामील झाला, पण देशांतर्गत कायद्याशिवाय करारावर न्यायालयात थेट दाद मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच स्पष्ट केले. फ्रान्सने हे कलम आपल्याला लागू नाही असे जाहीर केले आहे, तर नेदरलँड्सच्या संविधानाचे कलम 94 सर्वांवर बंधनकारक अशा करार-तरतुदींना देशी कायद्याहून वरचढ मानते.

सर्वांत खोलवर रुजलेली चूक म्हणजे सर्वांना एकच नियम लावला की समानता झाली, हा समज. चेक प्रजासत्ताकातील ओस्ट्रावा शहरात ज्या मुलांची मानसशास्त्रीय चाचणी होई, त्या सर्वांची ती एकाच प्रकारची असे आणि त्यानंतर रोमा या युरोपातील वांशिक अल्पसंख्याक समाजाच्या मुलांची रवानगी मोठ्या संख्येने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच्या विशेष शाळांत होत असे; याविरुद्ध दाद मागणाऱ्या 18 रोमा मुलांनी मांडलेल्या आकडेवारीनुसार हे प्रमाण इतर मुलांच्या 27 पटींहून अधिक होते. पालकांची संमती होती, असा सरकारचा बचाव होता. प्रत्यक्षात काही पालकांनी आधीच भरून ठेवलेल्या छापील अर्जावर केवळ सही केली होती आणि त्यावर दुसऱ्या पर्यायांचा उल्लेखही नव्हता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या छोट्या पीठाने 2006 मध्ये या 18 मुलांच्या विरोधात निकाल दिला. मोठ्या पीठाने 13 नोव्हेंबर 2007 रोजी तो 13 विरुद्ध 4 मतांनी फिरवला, अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला आणि अशी संमती देऊन भेदभावाविरुद्धचा हक्क सोडता येत नाही असे ठरवले.

म्हणून अशा प्रकरणात अर्ज लिहिताना कलमाच्या प्रतीबरोबर शाळानिहाय आकडे जोडा आणि पालकांनी सही केलेला तो छापील कागदही जोडा.