नवीन टेबल-खुर्ची घ्यायच्या आधी घरातल्याच वस्तूंनी एवढं करून बघा

लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसून काम करत असाल तर आधी ते बंद करा, मनापासून सांगतेय, मी जवळजवळ वर्षभर तसंच केलं आणि शेवटी शेवटी मान अशी धरायची की गाडीवर मागे वळून बघता यायचं नाही. भाड्याचं घर, दहा बाय दहाची बेडरूम, त्यामुळे फर्निचर करून घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण फरक पडतो तो उंचीने आणि उजेडाने, आणि ते दोन्ही घरातल्या सामानावर जमतं.

आधी उंची. खुर्चीत मागे टेकून बसा, खांदे सैल सोडा आणि कोपर काटकोनात वाकवा, तळहात जिथे येतील तिथे कीबोर्ड हवा. आपल्याकडची टेबलं बहुतेक २९-३० इंच उंच असतात, माझी उंची ५ फूट १ इंच, म्हणजे मला ती उंचच पडतात आणि खांदे वर उचलून टाइप करावं लागतं. मग मी खुर्चीवर सतरंजीची जाड घडी टाकली, हात बरोबर आले पण पाय लोंबकळायला लागले, तर पायाखाली जेवायचा लाकडी पाट घेतला. झालं! पाय टेकलेले असले की कंबर कमी दुखते, हे दोनच दिवसांत कळतं. कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली घसरते म्हणून नाडीने खुर्चीच्या पाठीला बांधून टाका.

स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. त्यासाठी स्टँड विकत घ्यायची गरज नाही, जुने दिवाळी अंक सुतळीने घट्ट बांधून दोन सारख्या उंचीचे गठ्ठे करा आणि लॅपटॉपच्या डाव्या-उजव्या कडेखाली एकेक ठेवा. एकच मोठा गठ्ठा नको, कारण बऱ्याच लॅपटॉपची हवा खालच्या जाळीतून आत जाते, ती झाकली गेली की पंखा घरघरत बसतो, म्हणून मधली जागा मोकळीच हवी. एवढं वर उचलल्यावर मात्र वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतोच, साधा वायरवाला चालतो. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला.

आता उजेड. खिडकी पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चकाकतं, समोर असेल तर डोळे दिपतात, म्हणून टेबल असं लावा की खिडकी बाजूला येईल. संध्याकाळी ट्यूबलाइट पाठीशी येते आणि वहीवर आपलीच सावली पडते, तिथे ९ वॅटचा एक एलईडी बल्ब क्लिपवाल्या होल्डरमध्ये लावला की पुरतं. बल्ब घेताना खोक्यावर 'के' (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) बघा, ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, कामाला ४००० के बरा वाटतो आणि झोपायच्या आधी लावायला २७०० किंवा ३००० के, पिवळसर.

पडद्यासाठी जुनी सुती साडी घ्या. साडी साधारण १८ फुटांची, मधोमध कापली की ९-९ फुटांचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा दांडीवरून दुहेरी सोडायचा, साडेचार फुटांचा पडदा तयार. शिवायचं काही नाही, कापलेली कड सुटू नये म्हणून फक्त हातशिलाई घाला. ४ फुटी खिडकीला हे मस्त बसतं, दुहेरी कापडामुळे दुपारचं ऊन बरंच अडतं आणि काठ दोन्ही बाजूंना येतात ते दिसायलाही छान. माझ्याकडे आईची जांभळ्या काठाची साडी आहे, नेसून नेसून विरली होती, पण रोज सकाळी तिच्यातून ऊन आलं की अख्खी खोली गुलाबीसर होते.

भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नाहीत आणि डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटवायचे हुक टिकत नाहीत, पोपड्यासकट खाली येतात, म्हणून ते कपाटाच्या बाजूला लावा. वायरी टेबलाच्या कडेला कागदाच्या मोठ्या क्लिपांत अडकवा. एक्स्टेंशन बोर्ड मात्र चांगलाच घ्या, आणि ६ अँपिअरच्या बोर्डवर इस्त्री किंवा गिझर कधीच लावू नका, लॅपटॉप, बल्ब आणि चार्जर एवढंच.