किडनीच्या पेशी वाढवताय? या चुका टाळा

किडनीच्या नलिकेतल्या एपिथेलियल पेशी प्लास्टिकवर आनंदाने वाढतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोन-तीन दिवसांत फ्लास्क भरला की नव्या मुलांना वाटतं, झालं, प्रयोगाला लागा. पण या पेशींचं काम नुसतं वाढणं नाही. शरीरात त्या थर धरून बसतात: वरची बाजू मूत्राकडे, खालची रक्ताकडे, आणि मधून काय जाऊ द्यायचं ते त्या ठरवतात. थरच धरला नसेल तर आकडे किडनीबद्दल काहीच सांगत नाहीत.

ट्रिप्सिन घातलं, फ्लास्क आपटला

हे पाहिलं की माझा जीव खालीवर होतो. बहुतेक ठिकाणी सुरुवात एमडीसीके नावाच्या पेशींपासून होते. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनिएल कुत्र्याच्या किडनीतून मिळवलेल्या या पेशी चिवट आहेत. एकमेकींना धरून ठेवणारं त्यांचं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कॅल्शियमवर चालतं. कॅल्शियम काढल्याशिवाय ट्रिप्सिन (प्रथिनं कापून पेशी सोडवणारं एन्झाइम) ओतलं तर पेशी सुट्या होत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी निघतात. मग कोणीतरी वैतागून फ्लास्कला चापट्या मारतं आणि गुठळ्या तशाच पुढच्या फ्लास्कमध्ये जातात. गुठळ्यांची मोजणी चुकते, मोजणी चुकली की पेरणी चुकते, आणि प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) दाट तर शेजारच्यात विरळ थर येतो. त्यावर कितीही महागडं किट वापरा, एरर बार लांबच राहणार.

माझी पद्धत अशी. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा धुवायचं. जुन्या मीडियमचा (पेशींच्या पोषक द्रावणाचा) थेंबही मागे ठेवायचा नाही, कारण त्यातल्या सीरममध्ये ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. मग कॅल्शियम पकडून ठेवणारं नुसतं ईडीटीए घालून ३७ अंशांवर ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं. पेशींच्या कडा उजळ दिसू लागल्या, मध्ये फटी पडल्या, की ट्रिप्सिन-ईडीटीए. एमडीसीकेला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, ती द्यायची. घड्याळ लावून निघून जायचं नाही, कारण जास्त वेळ झाला तर पृष्ठभागावरची प्रथिनंही कापली जातात. आणि फ्लास्क पूर्ण भरून शिळा होईपर्यंत थांबायचं नाही. मी ८० टक्क्यांच्या आसपासच पॅसेज करते, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरते. शुक्रवारी कंटाळा केला की सोमवारी ट्रिप्सिनशी झटापट ठरलेली.

फोड दिसले, म्हणून फ्लास्क फेकला

प्लास्टिकवर भरलेल्या एमडीसीकेच्या थरात गोल फुगे दिसतात. ते संसर्गाचे नाहीत, पेशी मरून सुटतायत असंही नाही. पेशी वरून क्षार आणि पाणी ओढून खाली सोडतायत, प्लास्टिकमुळे ते पाणी पुढे जात नाही, म्हणून थर उचलला जातो. या डोम्सचा अर्थ थर चांगला धरलाय असा आहे. चांगले फ्लास्क कचऱ्यात गेलेले मी पाहिलेत.

रोध मोजताना घाई

थर किती घट्ट आहे हे पाहायला सच्छिद्र फिल्टरवर वाढवलेल्या पेशींचा विद्युतरोध, म्हणजे टीईआर, मोजतात. यात होते तितकी फसगत दुसरीकडे कुठे होत नाही.

एका प्रयोगशाळेत एक मुलगा आनंदाने आकडे घेऊन आला होता. एका औषधाने एमडीसीकेचा थर घट्ट होतो, दर वेळी होतो. पोस्टरचा मसुदाही तयार होता. मी प्लेट मोजताना शेजारी बसले. प्लेट इन्क्युबेटरमधून काढली, पहिल्या रांगेपासून मोजायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत कंट्रोल (औषध न दिलेल्या पेशी), शेवटच्या रांगेत औषध. दर वेळी तीच मांडणी, तोच क्रम. मी म्हटलं, नवी प्लेट काढ आणि शेवटून मोज. मोजलं, तर तेच औषध थर सैल करतंय असं दिसलं. मीडियम गार होत जातं तसा रोध वाढतो. जी रांग शेवटी मोजली जाते ती जास्त दाखवते. औषधाचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, पण पोस्टर छापायच्या आधी कळलं हे बरंच झालं.

तेव्हापासून प्लेट आधी खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्यायची, मगच मोजायचं, आणि कंट्रोल-औषध आलटून पालटून मांडायचे, हा माझा हट्ट आहे. एक रिकामा फिल्टर नेहमी सोबत हवा. त्याचा आकडा वजा करायचा आणि उरलेल्याला क्षेत्रफळाने गुणायचं. भागणारे खूप जण भेटतात. १२ मिलिमीटरच्या इन्सर्टचं (फिल्टर बसवलेल्या कपाचं) क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर असल्याने तिथे चूक लपते, पण ६.५ मिलिमीटरच्या इन्सर्टचं ०.३३ आहे, तिथे आकडा नऊपट होतो.

आणि आपल्याकडे एमडीसीकेचा कोणता प्रकार आहे ते विचारा. पहिल्या प्रकाराचा रोध हजार ओम-चौरस सेंटिमीटरच्या वर जातो, दुसऱ्याचा बराच कमी असतो, कारण त्यात क्लॉडिन-२ हे प्रथिन आहे आणि ते सोडियमसारख्या आयनांना वाट देतं. दुसऱ्या प्रकाराकडून हजाराची अपेक्षा ठेवून "माझ्या पेशी बिघडल्या" म्हणून रडू नका. भरलेला थर म्हणजे पक्का थर नव्हे. फिल्टरवर चार-पाच दिवस तरी द्या.

सिस्प्लॅटिन डीएमएसओमध्ये

किडनीवरच्या विषारी परिणामासाठी सगळे सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध वापरतात, आणि सवयीने ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. डीएमएसओतलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि औषधाची धार जाते. मग "आमच्या पेशी प्रतिकारक आहेत" असा निष्कर्ष निघतो! ०.९ टक्के सलाइनमध्येच विरघळवा, ताजं वापरा, उजेडापासून जपा, फ्रिजमध्ये ठेवू नका, खाली बसतं. एचके-२ (माणसाच्या किडनी-नलिकेच्या पेशी) वापरत असाल तर आणखी एक पाहा: त्यात ओसीटी-२, ओएटी-१, ओएटी-३ हे वाहक जवळपास नसतात. औषध आत नेणारं दारच नसेल, तर डोसच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

बाकीचं

एचईके २९३ या पेशींच्या नावात किडनी आहे, म्हणून त्यांना नलिकेच्या पेशी समजू नका. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला मानवी भ्रूणाच्या किडनीच्या कल्चरमध्ये अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घालून त्या तयार केल्या. प्रथिनं बनवायला उत्तम, थरासाठी निरुपयोगी.

मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूच्या संसर्गाने मीडियम गढूळ होत नाही, आणि पेशीभित्ती नसल्याने पेनिसिलिनचा त्यावर परिणाम नाही. पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) करा, दर महिन्याला.

प्राथमिक, म्हणजे थेट ऊतीतून काढलेल्या, पेशी काही पॅसेजमध्येच आपली ओळख विसरतात. पॅसेज क्रमांक प्रत्येक आकड्याशेजारी लिहा आणि सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा.