जुनी पिकअप घेतलीय? पहिला माल भरायच्या आधी हे वाचा

गेल्या दिवाळीत मी जुनी बोलेरो पिकअप घेतली. २०१८ चं मॉडेल, १.७ टन माल वाहणारी, मीटरवर १ लाख ४२ हजार. विकणारा म्हणाला, "सगळी कामं झालेली आहेत, डिझेल टाका आन् पळवा." मी पळवली. नारायणगावात टोमॅटोची ७५ कॅरेट भरली आणि कल्याणला निघालो. माळशेज उतरताना बोगदा मागे पडला आणि ब्रेकचा पाय, म्हणजे पेडल, फळीपर्यंत गेला. दुसरा गिअर, हँडब्रेक, गाडी डोंगराच्या अंगाला. अर्धा तास थांबलो, तर पाय पुन्हा कडक! म्हणजे गळती कुठेच नव्हती.

दोष होता ब्रेक ऑइलचा. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय वाफच दाबत बसतो. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं ऑइल बघितलं तर कोऱ्या चहासारखं. कधी बदललं असेल देव जाणे.

तेव्हा विकणाऱ्याने काय सांगितलं ते विसरा. पाच पैशांचंही काम झालेलं नाही असं धरून चाला आणि सुरुवात ब्रेकपासून करा. ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. ऑइलची प्रत डॉट ३ की डॉट ४ ते डब्याच्या झाकणावर असतं. मागचे ड्रम उघडायला लावा आणि स्वतः समोर उभे राहा. ड्रममध्ये ब्रेक दाबणारा जो व्हील सिलिंडर असतो, त्याचं रबर अंगठ्याने थोडं उचला. आत ओल असेल तर सिलिंडर गेला. लायनर (ड्रमला घासणारी पट्टी) तेलकट असेल तर हबचं, म्हणजे चाकाच्या मध्याचं, तेल अडवणारं सील गेलंय. नुसता लायनर बदलून पुढच्या महिन्यात तोच खर्च परत.

आता पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने मागे एकेक जादा पाटा घातलेला होता. बऱ्याच जणांना हे बघून बरं वाटतं, जास्त माल बसेल म्हणून. पण हौसिंगजवळ (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) दांडी असलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरल्यावर गाडी जेवढी बसते, तेवढा दाब तो मागच्या ब्रेकला सोडतो. जादा पाट्यामुळे गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला वाटतं रिकामी आहे, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर. माळशेजला ऑइल एवढं का तापलं याचं अर्धं उत्तर इथे होतं. मी ते पाटे काढून टाकले. एका कॅरेटात २० किलो माल, वर कॅरेटचं वजन, म्हणजे ७५ च्या पुढे कागदावर मंजूर वजनाच्या बाहेरच. व्यापारी १०० भर म्हणतो. त्याचं काय जातंय?

मग तेलं: इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग, तिन्ही एकदम. गिअरबॉक्स आणि हौसिंगला आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच खालचा काढा. वरचा गंजून बसला असेल तर तेल सांडून गेलेलं आणि भरायला वाट नाही, अशी गत होते. निघालेलं तेल बोटावर घेऊन उन्हात धरा. चकाकी दिसली तर आत लोखंड झिजतंय, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंतचा फिरता दांडा) क्रॉसला, म्हणजे त्याच्या सांध्याला, ग्रीस मारताना चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. माझ्या एका टोपीतून येईना. तो क्रॉस आतून कोरडाच होता, बदलला.

रेडिएटरात गंजाचं लाल पाणी असेल तर धुऊन कूलंट भरा. डिझेल फिल्टर नवा टाका, पुढे त्यातलं पाणी सोडत राहा. टायरची नक्षी बघून फसू नका; कडेला चार आकडे असतात, ३५१७ म्हणजे २०१७ चा ३५ वा आठवडा. शेतातल्या गाडीची नक्षी शाबूत असते आणि रबराला भेगा पडलेल्या असतात.

कागदांचं थोडक्यात: आरसी आणि विमा दोन्ही लगेच नावावर करा, बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा, जुनी चलनं आधीच्या मालकाकडून भरून घ्या. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरसाल.

केलेलं प्रत्येक काम तारीख आणि किलोमीटरसकट डायरीत लिहा, डायरी गाडीतच ठेवा. आणि पाटे उघडले असतील तर दोन भरलेल्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट (पाटे हौसिंगला आवळून धरणारे) पुन्हा आवळा. फिटर म्हणाला होता गरज नाही. मी पाना लावला, तर उजवीकडचा नट अर्धा फेरा फिरला.