टेस्ट कशा चालवायच्या, ते लिहून ठेवा

हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्या मुलाचा पहिला दिवस बहुतेक एकाच प्रश्नात जातो: "दादा, टेस्ट कशा चालवायच्या?" (टेस्ट म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम.) उत्तर कुणाच्या तरी डोक्यात किंवा जुन्या चॅटमध्ये असतं. ते रीडमी फाइलमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, पुणेरी पाटीसारखं लिहा, थोडक्यात आणि पुन्हा विचारायला जागा न ठेवता.

पायथनची आवृत्ती, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती पॅकेजेस वेगळी ठेवायची जागा), टेस्टसाठी लागणारी पॅकेजेस हे तर हवंच. पण कमांड अक्षरशः लिहा. पायटेस्ट हे पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल. नुसतं 'पायटेस्ट' (pytest) आणि 'पायथन -एम पायटेस्ट' (python -m pytest) सारखंच वाटतं. मात्र दुसऱ्या प्रकारात चालू फोल्डर इम्पोर्टच्या मार्गात, म्हणजे पायथन मॉड्यूल जिथे शोधतो त्या यादीत, जोडला जातो, पहिल्यात तसा जात नाही. म्हणून तुमच्याकडे चालणारी टेस्ट नव्या मुलाकडे 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणून अडते. (माझी यात अख्खी दुपार आणि तीन कटिंग गेलेत.) मागच्या वेळी फसलेल्याच टेस्ट '--एलएफ' (--lf) लावून पुन्हा चालवता येतात, हेही टाका. डेटाबेस आधी सुरू करावा लागत असेल, तर ते सगळ्यात वर.

लिहून झालं की नव्या फोल्डरात क्लोन, म्हणजे कोडची ताजी प्रत, घ्या आणि लिहिलंय तेवढंच करून बघा. किंवा त्या नव्या मुलालाच करू द्या; तो अडेल तिथलं वाक्य दुरुस्त करा.