ऑफिसची हवा मानवत नाही, तपासण्या मात्र नॉर्मल: मानसोपचार कसे करावेत

सातव्या मजल्यावर पोचलं की पंधरा मिनिटांत डोकं जड होतं, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, छाती आवळल्यासारखी वाटते. घरी आलं की तासाभरात बरं. एक्स-रे, रक्त, स्पायरोमेट्री (फुप्फुसांची फुंकून करायची तपासणी) सगळं नॉर्मल, आणि इमारतीतली मोजमापंही मर्यादेत. अशा माणसाला शेवटी कोणीतरी 'मनाचे खेळ आहेत' म्हणतं आणि तिथून पुढे तो कोणाचंच ऐकत नाही. हे टाळून उपचार कसे करायचे, ते इथे समुपदेशक, कंपनीचे डॉक्टर आणि स्वतः त्रास सोसणारे अशा तिघांसाठी लिहिलं आहे.

इमारतीशी जोडलेल्या अशा तक्रारींची दखल जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ सालीच घेतली होती. या विषयावर सर्वांत जास्त काम झालेल्या देशांत फिनलंड येतो. तिथे थंडीमुळे दारं-खिडक्या बंद, भिंतींत ओल, आणि शाळा-कार्यालयांतल्या हवेवरून वर्षानुवर्षं चाललेले वाद. २०१८ ते २०२८ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रमच त्यांनी हाती घेतला आहे. त्यात इमारतींच्या दुरुस्तीइतकाच भर त्रास होणाऱ्या माणसांच्या उपचारांवर आहे. दोन्ही बाजू एकत्र धरल्या तरच काम होतं.

आधी इमारत आणि शरीर

मानसोपचार इथून सुरू होत नाहीत. हवेत खरंच दोष असेल तर माणसाला त्या हवेची सवय लावणं हा गुन्हाच आहे.

इमारतीत बघायचं ते असं: एसीच्या ड्रेन ट्रेमध्ये साचलेलं पाणी, फिल्टर शेवटचे कधी धुतले त्याची नोंद, फॉल्स सीलिंगवरचे ओलीचे डाग, कार्पेटखालची बुरशी, नवा रंग किंवा प्लायवूडचं फर्निचर, आणि बाहेरची ताजी हवा आत घेणारा डॅम्पर (झडप) उघडा आहे की वीज वाचवायला बंद ठेवलाय. हा शेवटचा मुद्दा फार वेळा सुटतो. माणसांनी भरलेल्या खोलीत दुपारी कार्बन डायऑक्साइड मोजा. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आत १००० च्या आसपास किंवा खाली असेल तर हवा खेळती आहे. फिनलंडच्या २०१५ च्या नियमांत बाहेरच्यापेक्षा ११५० पीपीएमने जास्त झालं की कारवाई बंधनकारक होते. मुंबई-कोकणातल्या इमारतींची ओल पावसाळा सरताना तपासा, मार्चमध्ये सगळं कोरडंच दिसतं.

शरीराच्या बाजूने दमा आधी वगळा. पीक फ्लो मीटरवर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी छोटी नळी) दिवसातून किमान चार वेळा फुंकून नोंद ठेवायची, तीन ते चार आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस धरून. कामाच्या दिवशी आकडे घसरत असतील तर पुढे जाऊ नका, छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा. कामावर गेल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी वाजणं आणि खोकला येत असेल, वजन उतरत असेल, थुंकीतून रक्त येत असेल तरीही तेच. आणि एका मजल्यावरच्या अनेकांचं डोकं एकदम दुखू लागलं, मळमळू लागलं आणि खाली जनरेटर चालू असेल, तर सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढा. तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

पहिली भेट

पूर्ण तास द्या आणि निदान अर्धा तास फक्त ऐका. त्रास कधी सुरू झाला, त्या आठवड्यात ऑफिसात काय घडलं (रंगकाम, गळती, सर्दी-तापाची साथ, बदली, साहेबांशी वाद), कोणाकोणाला दाखवलं, प्रत्येकाने काय सांगितलं. मग एक वाक्य स्पष्टपणे म्हणा: 'त्रास खरा आहे. हवेत दोष सापडला नाही म्हणजे तुम्हाला काही होत नाही, असा त्याचा अर्थ नाही.' हे वाक्य मनापासून म्हणता येत नसेल तर हे काम हाती घेऊ नका.

मग कारण समजवायचं. दुधाने तोंड पोळलं की आपण ताकही फुंकून पितो, आणि मेंदू हेच श्वासाच्या बाबतीत करतो. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात १९९० च्या दशकात प्रयोग झाले: लोकांना वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, त्यांना धाप लागली, घुसमटलं. नंतर नुसता तोच वास साध्या हवेत दिला तरी तक्रारी परत आल्या, विशेषतः वास घाणेरडा असेल तर. अमेरिकेत पामेला डाल्टन यांच्या प्रयोगांत दिसलं की एकच वास 'अपायकारक' म्हणून सांगितला तर तो जास्त बाधतो. शरीराची धोक्याची घंटा हळवी झालेली असते, आणि ती वाजते तेव्हा डोकं खरोखरच दुखतं.

हे पटायला व्याख्यानापेक्षा एक मिनिट पुरतं. तुमच्या खोलीत, बसून, साठ सेकंद जलद आणि खोल श्वास घ्यायला सांगा. चक्कर, हातांना मुंग्या, छातीत दडपण येतं. हवा तीच, बदलला तो श्वास. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका.

आठवड्याची वही

सात दिवस नोंद ठेवायची. वेळ, जागा, आधी काय जाणवलं, त्रास ० ते १० मध्ये किती, मनात काय आलं, काय केलं, नंतर काय झालं. एक नमुना:

'मंगळवार १०.४०, मीटिंग रूम. शिरताच कुबट वास. डोकेदुखी ३. मनात: परत तेच, आजचा दिवस गेला. रुमाल नाकाला लावला, सारखं डोक्याकडेच लक्ष. १०.५५ ला ६. ११.०५ ला बाहेर आले. ११.१० ला २.'

ही ओळ दोघांनी मिळून वाचायची. तीनवरून सहावर चढताना खोलीत नवीन काही घडलं नाही; मधे आलं ते मनातलं वाक्य आणि डोक्यावर खिळलेलं लक्ष. आणि दाराबाहेर पाच मिनिटांत मिळालेल्या आरामाने मेंदूला शिकवलं की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या मंगळवारी घंटा दाराशीच वाजणार. रुग्णाला हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की अर्धं काम झालं; तुम्ही सांगितलं तर वाद होतो.

जिना चढायचा

उपचाराचा गाभा इथे आहे: टाळलेल्या जागी परत जाणं, हळूहळू, ठरवून. एकूण आठ ते बारा बैठका लागतात, आठवड्याला एक, आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून हे सुरू होतं. सहा-सात पायऱ्या रुग्णानेच लिहायच्या. उदाहरणार्थ: लॉबीत २० मिनिटं, कॅन्टीनमध्ये जेवण, आपल्या जागेवर ३० मिनिटं, सकाळचे दोन तास, अर्धा दिवस, बंद दाराच्या मीटिंग रूममध्ये एक तास, पूर्ण दिवस. प्रत्येक पायरी किमान तीनदा, शक्यतो एकाच आठवड्यात.

प्रत्येक वेळी जाण्याआधी भाकीत लिहायचं: 'वीस मिनिटांत डोकं ८ होईल, मला उभं राहवणार नाही.' परत आल्यावर शेजारी खरं काय झालं ते लिहायचं. डोकं ५ झालं आणि उभं राहता आलं, हीच ती शिकवण. त्रास शून्य व्हावा ही अट नाही.

बाहेर कधी पडायचं ते घड्याळ ठरवेल, लक्षण नाही. २० मिनिटं ठरली तर २०. बरं वाटतंय म्हणून ५० नकोत, दुखतंय म्हणून १२ वर उठणं नको. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच: चांगल्या दिवशी सगळं एकदम करायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे.

दुसरी अडचण म्हणजे आधार. मास्क, नाकाशी रुमाल, टेबलावरचा एअर प्युरिफायर, दर अर्ध्या तासाला चहाच्या नावाने बाहेर, खिडकीजवळचीच खुर्ची. हे सगळं ठेवून पायरी चढली तर श्रेय मास्कला जातं. एकेक करून काढा, सर्वांत हलकं आधी. दमा किंवा बाहेरच्या प्रदूषणासाठी डॉक्टरांनी सांगितलेला मास्क यात येत नाही.

जोडीला लक्ष वळवायचा सराव, रोज दहा मिनिटं: डोळे मिटून पंख्याचा, रस्त्याचा, लांबचा आवाज आळीपाळीने ऐकायचा. शरीराकडे लागलेलं लक्ष हवं तेव्हा सोडवता यावं, यासाठी हा सराव आहे. तो आधी घरी जमला पाहिजे, ऑफिसात त्रास चढल्यावर पहिल्यांदा करून बघाल तर फसेल.

ऑफिसने काय करावं

एचआर, फॅसिलिटी (इमारतीची देखभाल बघणारा विभाग) आणि साहेब यांपैकी एकच माणूस संपर्काला ठेवा. हवेचा अहवाल लेखी, साध्या भाषेत, कर्मचाऱ्याच्या हातात द्या. लपवलेला अहवाल शंभर वासांपेक्षा जास्त बाधतो. जागा बदलून दिली तर तारीख घालून द्या, 'सहा आठवडे, मग आढावा'. मुदत नसलेली घरून कामाची परवानगी दयेपोटी दिली जाते, पण परतीची वाट तिनेच लांबते. लांब रजेपेक्षा रोज दोन तास हजेरी बरी.

किती गुण येतो

खरं सांगायचं तर या उपचारांवरचे अभ्यास अजून थोडे आहेत. डेन्मार्कमध्ये रसायनांच्या वासाने त्रास होणाऱ्यांवर माइंडफुलनेसवर (आत्ता जे जाणवतंय ते न झगडता बघण्याचा सराव) आधारलेली पद्धत वापरली, तेव्हा आजाराचा एकूण भार घटला नाही, पण आजाराकडे बघण्याची नजर बदलली. म्हणून मोजायचं ते महिन्यातले कामाचे दिवस, किती जागा परत वावरात आल्या, झोप. डोकेदुखीचा आकडा सर्वांत शेवटी. सोबत नैराश्य किंवा पॅनिक असेल तर त्याचा उपचार वेगळा आणि लगेच करा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

शेवटच्या बैठकीत पुढच्या धक्क्याची तयारी लिहून घ्या, कारण दिवाळीआधी ऑफिसला रंग लागणारच. ओल्या रंगाचा वास सगळ्यांनाच झोंबतो, ते दोन-तीन दिवस घरून काम करणं शहाणपणाचं. चौथ्या दिवशी मात्र वही उघडायची, भाकीत लिहायचं आणि दोन तासांच्या पायरीपासून पुन्हा सुरू करायचं. एक आणि तीन महिन्यांनी भेटीची तारीख त्याच पानावर टाकून ठेवा.