रहस्यकथेतला दुवा लपवायचा कुठे?

शेवट आधी ठरवा आणि तिथून उलटे मागे या. गुन्हा कोणी, किती वाजता, कसा केला याचा तासवार तक्ता कागदावर हवाच. वाचकाला तो दिसत नाही, पण वेळेचा घोळ तिथेच सापडतो.

महत्त्वाचा दुवा, म्हणजे गुन्हेगाराकडे नेणारी खूण, परिच्छेदाच्या पहिल्या किंवा शेवटच्या वाक्यात नको. नजर तिथेच थबकते. तीन-चार साध्या वस्तूंच्या मधोमध तो सरकवा आणि लगेच फोन वाजू द्या. त्याहून चांगली जागा म्हणजे पात्राची सवय. काकू डाव्या हाताने चहा गाळते, पुढे कधीतरी कात्रीवर वैतागते. मग मृताच्या दोरीची गाठ डावखुऱ्या हाताची निघाली, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही. दुवा दोनदा यावा. एकदाच आला तर विसरला जातो, तिसऱ्यांदा आला की चाणाक्ष वाचक हसतो.

संशयित पुठ्ठ्याचे वाटतात, कारण ते फक्त वाचकाने संशय घ्यावा म्हणून आलेले असतात. प्रत्येकाला गुन्ह्याशी संबंध नसलेलं एक गुपित द्या: गेलेली नोकरी, सोनं गहाण टाकून काढलेलं कर्ज. मग त्यांच्या खोटं बोलण्याला स्वतःचं कारण असतं.