आडवी अक्कलदाढ काढल्यावर

मी एसटीत वाहक आहे. माझी खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी रुतली होती. हिरडी चिरून, दाढेचे दोन तुकडे करून काढली, वर तीन टाके. "आता अक्कलपण गेली का?" हा विनोद डेपोत निदान वीस जणांनी केला. हसू नका, टाके ओढतात.

एक गोष्ट पक्की धरा. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेची मलमपट्टी. ती निघाली की हाड उघडं पडतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेला कापडाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून ठेवा, सारखा काढून बघू नका. लाळ दिवसभर गुलाबी येईल, उशीला डाग पडेल, तेवढं चालतं. पण थुंकायचं नाही, गिळायचं. पहिले चोवीस तास चूळ नाही, त्यानंतरही काही दिवस स्ट्रॉ नाही, आणि मला तर गाडी मागं घेतानाची शिट्टीपण नाही.

भूल उतरायच्या आत डॉक्टरांनी लिहिलेली दुखण्याची गोळी घ्या. "दुखलं तर बघू" म्हणून मी थांबलो आणि संध्याकाळी भिंतीला डोकं टेकून बसलो. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून वीस मिनिटं ठेवा, वीस मिनिटं काढा. पहिला दीड-दोन दिवस. झोपताना डोक्याखाली दोन उशा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. माझं तोंड एक बोट जाईल एवढंच उघडत होतं, "तिकीट" म्हणताना "तिकी"वरच अडायचो. घाबरू नका, जबडा हळूहळू सुटतो. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंडात घ्या, मान कलती करून फिरवा आणि खाली वाकून नुसतं सांडू द्या. जोर लावायचा नाही.

जेवण मऊ आणि गार. ताकातला भात, आंबील, निवलेली मुगाची खिचडी, केळं. कंदी पेढा जिभेवर विरघळवला तर जातो, मी खाल्ला. चुरमुरे, शेव, तीळ नकोत. मावशी मिश्री लावायला सांगेल, ऐकू नका.

मी मात्र स्वतःचंच ऐकलं नाही. चौथ्या दिवशी चिमूटभर तंबाखू धरली, तीही उजव्या गालात, म्हणजे चालेल असं वाटलं. पाचव्या दिवशी दुखणं कमी व्हायचं सोडून कानापर्यंत कळ मारायला लागलं, तोंडाला घाण वास. ती गुठळीच निघून गेली होती, याला डॉक्टर ड्राय सॉकेट म्हणतात. खड्डा धुऊन त्यांनी औषधाची पट्टी भरली, तासाभरात जीव हलका झाला. तंबाखू-विडी निदान आठवडाभर तरी बंदच. मेट्रोनिडाझोलच्या, म्हणजे जंतू मारायच्या, गोळ्या असतील तर दारूही नाही. तोंड कडू होतं ते त्या गोळ्यांनीच.

रक्त बोळा दाबूनही थांबेना, ताप चढला, पू आला किंवा गिळायला-श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट बघू नका. ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली तर तेही सांगा, खालच्या दाढेजवळून नस जाते.

टाके सातव्या दिवशी निघाले. खड्डा भरायला अनेक आठवडे लागतात, तोवर प्रत्येक जेवणानंतर चूळ. माझ्या खड्ड्यातून परवाच शेवग्याच्या शेंगेची शीर निघाली.